गवंड्याच्या शिक्षणाचे पैसे कोण भरतो? ब्रिटनची लेव्ही आणि आपला उपकर

धोरणावर संशोधन करायचं ठरवलं की आपण बहुतेक जण आधी योजनेचं नाव, उद्दिष्टं आणि लाभार्थ्यांची संख्या गोळा करतो. प्रपोजलमध्ये ते लिहावंही लागतं. पण इतिहासाच्या अंगाने बघायचं असेल तर त्याआधी एक साधा प्रश्न विचारून बघा: या योजनेचा पैसा कुणाकडून येतो आणि तो कशावर मोजला जातो? पगारावर, डोईमागे की बांधकामाच्या खर्चावर?

मी मूळची विज्ञानाची. प्रयोगशाळेत 'तू काय मोजते आहेस?' हा प्रश्न रोज ऐकायची सवय होती. इतिहासाच्या कागदपत्रांनाही तोच प्रश्न विचारता येतो, हे मला पीएच.डी.ला आल्यावर कळलं. बांधकाम उद्योगातली भरती आणि प्रशिक्षण यांचा पैसा हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. म्हणून आज ब्रिटनची गोष्ट सविस्तर आणि मग आपल्याकडची, तिच्या शेजारी ठेवून.

आधी अडचण समजून घेऊ

समजा, एका बिल्डरने दहा बिगाऱ्यांना सहा महिने शिकवून गवंडी बनवलं. वीटकाम, गिलावा, ओळंबा धरणं, लेव्हल काढणं, सगळं. या काळात काम हळू झालं, माल वाया गेला आणि शिकवणाऱ्या मिस्त्रीचा वेळ गेला. सातव्या महिन्यात शेजारच्या साइटवरच्या ठेकेदाराने रोजाला शंभर रुपये जास्त देऊ केले आणि दहाही जण तिकडे गेले. पहिल्याचा खर्च बुडाला, दुसऱ्याला फुकटात तयार गवंडी मिळाले. पुढच्या वेळी पहिला बिल्डर काय करेल? तोही दुसऱ्याने शिकवलेला माणूसच शोधेल. सगळ्यांनी असं केलं तर शिकवणार कोण?

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या 'ह्यूमन कॅपिटल' या पुस्तकात यातला एक भाग नीट मांडला. त्यांनी प्रशिक्षणाचे दोन प्रकार केले. एकाच कंपनीत उपयोगी पडणारं कौशल्य हे 'विशिष्ट', तर कुठेही चालणारं कौशल्य हे 'सर्वसाधारण'. सर्वसाधारण कौशल्यावर मालक स्वतःहून खर्च करणार नाही, कारण माणूस ते घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. तो खर्च शिकणाराच सोसतो, बहुतेक वेळा शिकत असताना कमी मजुरी घेऊन. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

गवंडीकाम हे पक्कं 'सर्वसाधारण' कौशल्य आहे. थापी कुठल्याही साइटवर तीच असते. त्यात बांधकामाच्या स्वतःच्या अडचणी आहेत. इमारत पूर्ण झाली की कामगार पांगतात, कामाची जागा सतत बदलते, मंदी आली की सगळ्यात आधी साइट बंद पडते आणि एका इमारतीवर अनेक लहान ठेकेदार एकाच वेळी काम करत असतात. कारखान्यासारखं 'आपला माणूस' म्हणून वर्षानुवर्षं धरून ठेवणं इथे जमत नाही.

ब्रिटन : सात वर्षांच्या उमेदवारीपासून १९६४ पर्यंत

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने अनेक धंद्यांसाठी सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. उमेदवार करारात बांधलेला असायचा. त्यामुळे उस्तादाने पहिल्या वर्षांत केलेला खर्च शेवटच्या वर्षांतल्या स्वस्त कामातून वसूल व्हायचा. पळवापळवीवरचा हा जुना उपाय. १८१४ मध्ये ही सक्ती रद्द झाली आणि पुढची दीडशे वर्षं प्रशिक्षण हा मालक आणि कामगार संघटना यांच्यातला खाजगी मामला राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची मोठी पिढी १९६० च्या सुमाराला शाळा सोडून कामाला लागणार होती. या मुलांना शिकवायचं कुठे, हा प्रश्न सरकारपुढे होता. १९५८ मध्ये रॉबर्ट कार यांच्या समितीने तरुणांची भरती आणि प्रशिक्षण यावर अहवाल दिला. त्याचा सूर जुनाच होता: प्रशिक्षण ही उद्योगाची जबाबदारी, सरकारने त्यात फार पडू नये. पण कुशल कामगारांचा तुटवडा हटला नाही. चारच वर्षांनी, डिसेंबर १९६२ मध्ये, सरकारने श्वेतपत्रिका काढून भूमिका बदलली आणि मार्च १९६४ मध्ये 'इंडस्ट्रियल ट्रेनिंग अॅक्ट' मंजूर झाला.

इथे थोडं थांबा. कायदा हुजूर पक्षाच्या सरकारने केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने तो राबवला. दोन्ही पक्षांना तो चालला. असा दोन्हीकडचा होकार दिसला की संशोधकाने विचारावं, यात प्रत्येकाला काय दिसत होतं? एका बाजूला तो उद्योगाने स्वतः चालवायचा निधी वाटत होता, दुसऱ्या बाजूला मालकांवरची सक्ती.

लेव्ही आणि ग्रँट यांचं गणित

या कायद्याखाली उद्योगवार मंडळं स्थापन झाली. बांधकामाचं 'कन्स्ट्रक्शन इंडस्ट्री ट्रेनिंग बोर्ड', म्हणजे सीआयटीबी, हे १९६४ मध्येच निघालेल्या सुरुवातीच्या मंडळांपैकी एक. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षणक्षेत्रातले प्रतिनिधी. मंडळाने उद्योगातल्या मालकांकडून लेव्ही गोळा करायची आणि जो मालक प्रशिक्षण देईल त्याला त्यातून ग्रँट द्यायची. लेव्हीचा दर मंडळ सुचवणार, पण तो लागू व्हायला सरकारचा आदेश लागणार.

गणित सोपं करून बघू. समजा, दोन कंपन्या प्रत्येकी १०० रुपये लेव्ही भरतात. एक कंपनी उमेदवार घेते, तिला १५० रुपये परत मिळतात. दुसरी कुणालाच शिकवत नाही, तिला काहीच मिळत नाही. उरलेल्या ५० रुपयांतून मंडळ सामायिक काम करतं. दुसरी कंपनी पहिलीची माणसं पळवेलही, पण आता ती फुकटात पळवत नाही. तिने आधीच हप्ता भरलेला आहे. पळवापळवी कायद्याने थांबवता येत नाही, पण तिचा खर्च सगळ्यांत वाटता येतो, ही त्यामागची कल्पना.

सामायिक कामाचं ठळक उदाहरण म्हणजे नॉरफकमधलं बर्चम न्यूटन. हा जुना लष्करी विमानतळ. १९६० च्या दशकात सीआयटीबीने तिथे आपलं प्रशिक्षण केंद्र उभं केलं. क्रेन चालवणं, पराती बांधणं, मोठी यंत्रं हाताळणं अशी कामं चार माणसांच्या ठेकेदाराला स्वतःच्या साइटवर शिकवता येत नाहीत. त्यासाठी जागा लागते, यंत्र लागतं आणि चुकायला मोकळीक लागते. धावपट्टीवर ती होती.

पगाराच्या वहीतून माणसं निसटतात

लेव्ही बसवायची तर मालकाच्या वहीत कामगार दिसला पाहिजे. नेमक्या याच काळात ब्रिटिश बांधकामात तो दिसेनासा होत होता. ठेकेदार कामगाराला नोकरीवर घेण्याऐवजी ठरावीक रक्कम अंगावर देऊन काम उक्तं करून घ्यायचे. कागदोपत्री कामगार 'स्वयंरोजगारी'. बोलीभाषेत या पद्धतीला 'लंप' म्हणत. मालकाची विम्याची आणि करकपातीची कटकट वाचायची, कामगाराच्या हातात रोख जास्त पडायची. आणि शिकवायची जबाबदारी? ती कुणाचीच नाही. स्वयंरोजगारी माणूस उमेदवार कशाला ठेवेल?

१९६८ मध्ये प्राध्यापक फेल्प्स ब्राउन यांच्या समितीने बांधकामातल्या या मजुरी-ठेक्यांवर अहवाल दिला. १९७१ च्या वित्त कायद्याने अशा ठेकेदारांना पैसे देतानाच कर कापून घ्यायची पद्धत आणली. १९७२ मध्ये बांधकाम कामगारांचा देशव्यापी संप झाला, त्यात वाढीव मजुरीच्या बरोबरीने लंप बंद करा ही मागणी होती. लंप बंद झाला नाही. पण कर कापण्याच्या नोंदींमुळे मंडळाला एक वेगळी वही मिळाली.

त्याचा माग नंतरच्या दरांत सापडतो. २०१८ च्या लेव्ही आदेशानुसार पगारी कामगारांच्या वेतनावर ०.३५ टक्के लेव्ही होती, तर कर कापून पैसे दिलेल्या उपठेकेदारांच्या रकमेवर १.२५ टक्के. म्हणजे साडेतीनपटीहून जास्त. नुसता हा तक्ता कुणी दाखवला तर तो कंटाळवाणा वाटेल. मागचा इतिहास माहीत असेल तर कळतं की लंपवरचं जुनं भांडण या दोन आकड्यांत अजून शिल्लक आहे. पगारावर माणूस ठेवलात तर दर कमी, अंगावर काम दिलंत तर जास्त.

पुढे १९७३ च्या कायद्याने बहुतेक उद्योगांत लेव्हीची धार कमी केली: पुरेसं प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीला लेव्हीतून सूट. थॅचर सरकारच्या काळात, १९८१-८२ मध्ये, १६ मंडळं बंद करायचा निर्णय झाला. बांधकामाचं मंडळ मात्र टिकलं, आणि ते टिकावं असं खुद्द मालकांच्या संघटनांना वाटत होतं. सक्तीच्या वसुलीला विरोध करणारा मालकवर्ग इथे सक्ती मागतो, ही विसंगती नाही. लहान ठेकेदारांनी भरलेल्या या उद्योगात ऐच्छिक वर्गणी कुणी भरणार नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्ये सर्वच उद्योगांना नवी 'अप्रेंटिसशिप लेव्ही' लागली: वर्षाला ३० लाख पौंडांहून जास्त वेतनबिल असलेल्या मालकांना ०.५ टक्के. त्यामुळे बांधकामातल्या मोठ्या कंपन्या दोन लेव्ह्या भरू लागल्या आणि तक्रारी वाढल्या. भरतीचा प्रश्नही सुटला नव्हता. २०१८ मध्ये सरकारने २.२ कोटी पौंडांचा 'कन्स्ट्रक्शन स्किल्स फंड' काढला आणि त्याची व्यवस्था सीआयटीबीकडे दिली. त्यातून चालू बांधकामांच्या जागीच प्रशिक्षण केंद्रं उघडली, म्हणजे बेरोजगार किंवा दुसऱ्या धंद्यातून येणारी माणसं थेट साइटवर शिकून कामाला लागावीत. लक्षात घ्या, हा पैसा लेव्हीचा नव्हता, सरकारी तिजोरीचा होता. लेव्ही आधीच कामावर असलेल्या किंवा उमेदवार झालेल्या माणसापर्यंत सहज पोचते. ज्याला अजून कुणी कामावरच घेतलेलं नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागली.

आता आपल्याकडे

भारतातही बांधकाम उद्योगाकडून कायद्याने पैसा गोळा होतो. १९९६ मध्ये संसदेने दोन कायदे केले. एक इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या सेवाशर्तींचा, दुसरा कल्याणकारी उपकराचा. उपकर बांधकाम खर्चाच्या किमान १ आणि कमाल २ टक्के असू शकतो, प्रत्यक्षात तो १ टक्का ठरला. यासाठी १९८५ पासून देशभरच्या संघटनांची एक राष्ट्रीय समिती झगडत होती. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर तिचे अध्यक्ष होते.

आता सुरुवातीचा प्रश्न विचारा: उपकर कशावर मोजला? पगारावर नाही, बांधकामाच्या खर्चावर. कारण उघड आहे. मुकादमाच्या टोळीत कोण आहे, नाक्यावरून आज कुणाला उचललं, कुणाला किती रोज दिला, याची वही सरकारला दिसतच नव्हती. इमारत मात्र दिसते. तिला परवानगी लागते, तिचा अंदाजपत्रकी खर्च कागदावर असतो. जे दिसतं त्यावर कर बसतो.

पण त्याचा एक परिणाम झाला. ब्रिटनमध्ये लेव्ही भरणारा मालक आणि त्याचा कामगार यांच्यात पगाराचा धागा होता. त्यामुळे मालक मंडळाला विचारायचा, मी भरलेल्या पैशाच्या बदल्यात मला काय शिकवून मिळालं? आपल्याकडे उपकर भरणारा बिल्डर आणि लाभ घेणारा कामगार यांच्यात असा कुठला धागाच नाही. बिल्डरच्या दृष्टीने तो परवानगीच्या वेळी भरायचा आणखी एक कर. कामगाराला लाभासाठी स्वतंत्रपणे मंडळात नाव नोंदवावं लागतं: वय १८ ते ६०, आणि गेल्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम. ते ९० दिवस सिद्ध कसे करायचे, तर पुन्हा ठेकेदाराच्या दाराशी.

१९९६ च्या कायद्याचं कलम २२ काढून वाचा. मंडळाची कामं दिली आहेत: अपघातात मदत, साठीनंतर निवृत्तिवेतन, घरासाठी कर्ज, गटविम्याचा हप्ता, मुलांच्या शिक्षणाला साहाय्य, औषधोपचार, बाळंतपणाचा लाभ आणि इतर कल्याणकारी सोयी. कामगाराच्या मुलाचं शिक्षण यादीत आहे, कामगाराचं स्वतःचं नाही. ब्रिटनचा पैसा कौशल्यासाठी होता, आपला कल्याणासाठी. यात चळवळीची चूक होती असं मला वाटत नाही. परातीवरून पडलेल्या माणसाच्या बायकोला आधी काय हवं असतं, हे संघटनांना माहीत होतं.

तो पैसाही वेळेवर पोचला नाही. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले आणि मंडळ २०११ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर पंधरा वर्षांनी. १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशाचं चित्र मांडलं: उपकरातून ३७,४०० कोटी रुपयांहून जास्त रक्कम जमा, खर्च सुमारे ९,५०० कोटी. गोळा करायची वही नीट होती, वाटायची नव्हती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मंडळाच्या कामांच्या यादीत कौशल्यविकासाच्या योजना आल्या. १९९६ च्या यादीत जे नव्हतं, ते लिहिलं जायला चोवीस वर्षं लागली.

मग इतकी वर्षं शिकवलं कुणी?

आपल्याकडे गवंडी तयार होत होतेच. त्यांचा खर्च कोण करत होतं? इथे बेकरचं वाक्य आठवा. बिगारी म्हणून आलेला मुलगा वर्षानुवर्षं विटा वाहतो, माल कालवतो, दुपारच्या सुट्टीत थापी हातात घेऊन बघतो. त्याला मिळणारा बिगाऱ्याचा कमी रोज हीच त्याची फी. भरतीचंही तसंच. मुकादम गावात उचल देतो, माणसं शहरात येतात आणि ती उचल मजुरीतून फिटते. म्हणजे भरती आणि प्रशिक्षण या दोन्हींचा खर्च शेवटी कामगारच करतो, कुठल्याही अंदाजपत्रकात तो दिसत नाही.

या खाजगी शाळेत प्रवेश सगळ्यांना नाही. घमेलं वाहणाऱ्या बाया वर्षानुवर्षं त्याच कामावर राहतात, कारण थापी हातात देणारा मिस्त्री त्यांना शिकाऊ मानत नाही. पुरुष बिगाऱ्याची कमी मजुरी पुढे गवंड्याचा रोज मिळवून देते, बाईची कमी मजुरी तशीच कमी राहते. फी भरायची आणि वर्गात बसायचं नाही. अहमदाबादेत 'सेवा'च्या कुटुंबातून बांधकाम कामगार बायकांसाठी 'कर्मिका' ही शाळा निघाली ती याच दरीवर. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'आधीच्या शिक्षणाची मान्यता' असा एक भाग आहे. आधीच काम येणाऱ्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. सोय चांगली आहे, पण ज्याने स्वतःच्या खर्चाने शिकून घेतलं त्यालाच ती उपयोगी.

तुमच्या प्रपोजलसाठी

या दोन गोष्टींवरून मी मांडते ते असं: निधी कशावर मोजला जातो, यावरून तो कशासाठी वापरला जाईल हे बऱ्याच अंशी ठरतं. पण दोन उदाहरणांवर सिद्धान्त उभा राहत नाही, गाइड पहिल्याच सेमिनारला हे विचारेल. म्हणून तिसरं उदाहरण घ्या, आपल्या घरचंच. महाराष्ट्राचा माथाडी कायदा १९६९ चा. तिथेही मालक अनेक आणि हमाल फिरते. पण त्यात मंडळ मालक आणि कामगार दोघांचीही नोंद करतं आणि मालक मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो. म्हणजे वही मंडळानेच तयार केली. पगाराचा धागा तिथे आहे, तरी पैसा मुख्यतः भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी अशा सोयींकडे गेला. मग माझी मांडणी मोडते, की पोती वाहण्याच्या कामात शिकवण्यासारखं काही आहे असं कुणी मानलंच नाही? हा प्रश्न एका प्रबंधाचा आहे. कुणी घेणार असेल तर जरूर घ्या.

कुठलाही विषय घेतलात तरी कायदा, नियम किंवा शासन निर्णय वाचताना तीन गोष्टी वहीत वेगळ्या लिहून ठेवा. पैसा भरणारा कोण, मोजमाप कशाचं आणि कामांच्या यादीत काय नाही. तिसरी गोष्ट शोधायला वेळ लागतो, कारण नसलेलं कलम कुणी अधोरेखित करून देत नाही. त्यासाठी शेजारी दुसऱ्या देशाचा किंवा दुसऱ्या धंद्याचा कायदा उघडा ठेवावा लागतो.